मिशीसह, मिशीविना

दामाजी कोळ्याच्या घरात मिशी वडिलोपार्जित होती. जमीन नव्हती, होडीसुद्धा भावकीत अर्ध्या वाट्याची. मिशी मात्र पुरती, आणि ती बापाकडून मुलाकडे न चुकता यायची. दामाजीची मिशी ठाण्याच्या कोळीवाड्यापासून टेंभी नाक्यापर्यंत ठाऊक होती. नवरात्रात तो तिथल्या देवीच्या रांगेत उभा राहिला की आईच्या कडेवरची पोरं वळून बघायची, आणि दामाजी मिशीचं एकच टोक उडवून दाखवायचा. दुसरं टोक जागचं हलायचं नाही. ही विद्या त्यानं थोरल्या परशुरामला शिकवली होती. धाकट्या गोमाजीला मिशीच धड फुटली नाही, म्हणून तो त्या वारसाहक्कातून आपोआप बाद झाला.

त्या मिशीला एकच कायदा होता. बाप जिता असेपर्यंत तिला वस्तरा लावायचा नाही, आणि बाप गेला की खाडीकाठी न्हाव्यापुढे बसून ती द्यायची. नोकरीवाली पोरं हल्ली डोक्यावरचे केस ठेवत, म्हातारे नाक मुरडून तेवढं चालवून घेत. पण मिशी गेलीच पाहिजे, तिथे सवलत नाही. त्यामुळे कुणाच्या घरी काय झालंय हे कोळीवाड्यात विचारावं लागत नसे. ओठ बघितला की कळायचं.

परशुराम मानपाड्याला नोकरीला होता. औद्योगिक वसाहतीच्या पलीकडे, जिथे वाऱ्याची दिशा बदलली की डोळ्यांना पाणी यायचं, तिथे एक खासगी इंजिनिअरिंग कॉलेज निघालं होतं. परशुराम तिथल्या कॉम्प्युटर विभागाचा शिपाई, हंगामी. हंगामी या शब्दाचं कोळ्याला काही वाटत नाही, त्याची मासळीही हंगामीच असते. पण मुलींच्या बापांना तो शब्द ऐकू आला की ते चहा अर्धा टाकून उठतात. सत्तावीस वर्षांचा घोडा झाला तरी परशुरामचं लग्न त्या एका शब्दापाशी अडून बसलं होतं. कायम झालो की मुलगी बघू, असं तो आईला सांगायचा, आणि आई, शेवंती, तेच बाजारात मासळीच्या पाटीमागे बसून सगळ्यांना सांगायची.

त्या विभागाचे प्रमुख होते कर्णिक सर. ठाण्याचेच, अमेरिकेत शिकून आलेले, शिपायालाही अहोजाहो करणारे भले गृहस्थ. भली माणसं किती नासधूस करू शकतात हे परशुरामला पुढे कळायचं होतं. शहाण्णव साली सरांनी चेहरा ओळखणारं यंत्र करायला घेतलं. म्हणजे दोन फोटो दाखवायचे आणि कॉम्प्युटरनं सांगायचं, हा माणूस एकच की दोन. कारखान्याच्या फाटकावर एकाच्या नावावर दुसरा कामाला जातो, तो यानं पकडला जाईल, असं सर म्हणायचे. परशुरामला त्यांनी एकदा नीट बसवून समजावलं होतं की यंत्र करणं एक आणि ते पास की नापास हे ठरवणं दुसरं. परीक्षा घ्यायची तर प्रश्नपत्रिका लागते, आणि ती प्रश्नपत्रिका म्हणजे फोटोंचा संच. एकाच माणसाचे वेगवेगळे फोटो. चष्मा लावून, चष्मा काढून, हसताना, रागावलेला, उजेड डावीकडून, उजेड उजवीकडून. परदेशात असे संच होते, पण त्यातली माणसं गोरी आणि घाऱ्या डोळ्यांची. तिकडे पहिल्या नंबरानं पास झालेलं यंत्र इकडे आपल्या माणसांपुढे गटांगळ्या खात होतं.

कॉलेजातल्या पोरांचे फोटो झाले, पण सरांचं समाधान होईना. सगळे चेहरे एका साच्यातले, पंख्याखाली वाढलेले. त्यांना उन्हातले चेहरे हवे होते. परशुराम म्हणाला, आमच्या वाड्यातून आणतो. आणि पुढचे काही रविवार बर्फाचा टेम्पो रिकामा करून त्यात कोळीवाडा बसायचा आणि मानपाड्याला जायचा. बायका लग्नाला निघाल्यासारख्या नटून, अंबाड्यात वेणी माळून. कॅमेऱ्यापुढे हसा म्हटलं की एकही हसायची नाही. शेजारच्या रखमाबाईला सर म्हणाले, रागावून बघा. तिनं विचारलं, कुणावर? सर म्हणाले, कुणावरही. मग तिनं सरांकडेच बघितलं, आणि तो फोटो सगळ्या संचात उत्तम आला. दामाजीही गेला, एक टोक उडवून आला, आणि त्यानंतर मच्छी बाजारात ज्याला त्याला सांगत सुटला की आपलं तोंड आता मशिनीत आहे, थोरल्यानं नेऊन बसवलं.

असं सगळं झकास चाललं होतं. सरांनी एकदा बायकांचे कुंकू पुसून फोटो घेता येतील का म्हणून विचारलं, तेव्हा परशुराम ताडकन म्हणाला, "ते नाय जमायचं सर." सर मराठी घरातले, त्यांच्या लगेच लक्षात आलं, कानाच्या पाळ्या लाल झाल्या, आणि तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मिशीचं मात्र त्यांच्या लक्षात आलं नाही. यायचं कारण नव्हतं, त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या रोज सकाळी मिशी गुळगुळीत होत असे. मिशीसह आणि मिशीविना असा एकच माणूस हवा, असं ते म्हणाले, तेव्हा परशुरामनं सांगायला हवं होतं की हेही कुंकवासारखंच आहे. तो बोलला नाही. कुंकवाचं सांगून झालं होतं, पुन्हा नाही म्हणायचं त्याच्या जिवावर आलं. शिवाय सर त्याला आता नुसतं परशुराम न म्हणता पाहुण्यांसमोर "आमचे परशुराम" म्हणू लागले होते. माणूस असल्या दोन शब्दांसाठी कुठवर जातो ते बघण्यासारखं असतं.

त्यानं वाट काढली ती तशी शहाणपणाची होती. सहदेव म्हणून त्याचा मित्र होता, मिशी भरघोस आणि बाप जाऊन पाच-सहा वर्षं झालेली. त्याला वस्तऱ्याचं भय नव्हतं. तो हो म्हणाला. दिवस ठरला, दुसऱ्या दिवशी दिल्लीहून समिती यायची होती, तिच्यापुढे यंत्राची परीक्षा होणार होती. पण तो चैत्र होता. त्या सकाळी परशुराम कामावर गेल्यावर कोळीवाड्याचा ट्रक कार्ल्याला एकवीरेच्या यात्रेला निघाला, ढोल वाजला, आणि सहदेव आयत्या वेळी ट्रकवर चढला. देवीनं बोलावलं म्हणे. परशुरामला निरोप द्यायचं त्याला सुचलं नाही. दामाजी त्याच ट्रकमध्ये होता. निघताना त्यानं सहदेवच्या खिशात कॉलेजच्या फोनचा नंबर ठेवला, काही अडलं-नडलं तर फोन कर, पोऱ्या उचलेल, असं सगळ्या आळीदेखत सांगून. आळीला तो नंबर असण्याचं फार कौतुक वाटलं.

ठरलेल्या दिवशी सकाळी सहदेव नाही. सर दिवे लावून, कॅमेरा जोडून बसलेले. दुसरा कोण मिळेल म्हणून परशुराम वसाहतीतल्या दोन कारखान्यांच्या फाटकांवर विचारून आला. मिशीवाले होते, पण कामाची पाळी सोडून मिशी काढायला कोण येतो. परत आला तेव्हा सरांनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "परशुराम, तुमची मिशी तर सगळ्यांत सुरेख आहे." मग थोडं थांबून, काही आठवल्यासारखं, त्यांनी सांगितलं की कायम करण्याचा प्रस्ताव परवाच वर पाठवला आहे. या दोन गोष्टी त्यांनी जोडल्या नव्हत्या. त्या परशुरामनं जोडल्या.

एवढ्यावर त्याला दोष देऊन मोकळं होता येईल, पण तो अगदीच मूर्ख नव्हता. त्यानं विचार केला. बाबा संध्याकाळी यात्रेहून येणार, त्यांच्यापुढे उभं राहून सगळं नीट सांगायचं. बाबा स्वतः त्या कॅमेऱ्यापुढे बसून आलेले, त्यांना कळेल, शिव्या देतील आणि मग हसतील. मिशी काय, महिन्यात येते. असं माणूस स्वतःला पटवतो तेव्हा त्याला दुसऱ्या कुणाच्या वकिलीची गरज लागत नाही. आधी मिशीसह फोटो झाले. मग मानपाड्याच्या नाक्यावरचा न्हावी पेटी घेऊन आला. वरच्या ओठाला जन्मात पहिल्यांदा पंख्याचा वारा लागला. सर म्हणाले हसा, तेव्हा तो हसला. म्हणाले रागवा, तेव्हा रागावला. फोटो छान आले. सर खूश झाले आणि म्हणाले, आज दमलात, आता घरी जा.

ती अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळाली नसती तर पुढचं काही झालं नसतं. संध्याकाळी तो घरी पोहोचता तर दामाजी ओट्यावर बसलेला असता. पण परशुराम भर दुपारी कोळीवाड्यात शिरला, तोंडावर रुमाल धरून, मान खाली घालून, कुणी हाक मारली तरी न थांबता. लाजेनं धरलेला रुमाल आणि दुःखानं धरलेला रुमाल सारखेच दिसतात. शेवंती ओट्यावर सुकी मासळी निवडत होती, जवळ रखमाबाई. एवढ्या लवकर कसा आलास, म्हणून आईनं विचारलं. बाबा येईपर्यंत तोंड उघडायचं नाही असं त्यानं रस्ताभर ठरवलं होतं. ती उठून जवळ आली, तिनं पुन्हा विचारलं, काय झाला रं? आणि त्याच्या हातातला रुमाल ओढला.

तिला ओठ दिसला. नवरा यात्रेला गेलेला, फोनचा नंबर पोराच्या कॉलेजचा, आणि पोरगा भर दुपारी मिशी देऊन घरी आलेला. यात न कळण्यासारखं काय होतं? शेवंती जागीच खाली बसली. रखमाबाईनं तोंडावर हात मारून टाहो फोडला, आणि आळीतली दारं एकामागून एक उघडली.

परशुराम सांगत होता, नाही असं नाही. "नाय गं आये, तसा नाय, बाबा जिता हाय, मी फोटोसाठी काढली," असं तो ओरडून ओरडून सांगत होता. पण पोरगा बापाच्या मरणानं भ्रमला, एवढंच बायकांना कळलं. दोघी-तिघींनी त्याला धरून बाजूला नेलं, एकीनं तोंडाला पाण्याचा तांब्या लावला. त्याच्या बोलण्यापेक्षा त्याच्या ओठावर त्यांचा विश्वास जास्त होता, आणि जन्मभर तेच बघत आलेल्या बायकांनी दुसरं काय करावं? वाड्यात कुणी खाडीत गेलं, अंग सापडलं नाही, तरी रडणं थांबत नसे. बातमी आली की विधी व्हायचा. तो करायचा मान वाड्यातली जुनी विधवा म्हणून रखमाबाईचा. परशुराम त्या बायकांच्या हातांतून सुटून ओट्यावर आला तोवर शेवंतीच्या हिरव्या बांगड्या उंबऱ्यावर फुटल्या होत्या आणि कपाळ पुसून झालं होतं.

मग पुरुष आले. दामाजीचा चुलतभाऊ धोंडीबा, भावकीतला वडीलधारा, डोक्यावर पंचा घेऊन समोर बसला. परशुरामनं त्याला पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगितलं. धोंडीबानं ऐकून घेतलं, आणि म्हणाला, बापूस जिता असताना कोन मिशी काढतो रं? त्यावर परशुरामकडे उत्तर होतं, पण ते धोंडीबाला कळेल असं नव्हतं. कार्ल्याला फोन करायची सोय नव्हती. सगळे ट्रकची वाट बघत बसले.

दिवेलागणीच्या आधी ट्रक आला. आळीच्या तोंडाशी गर्दी बघून ढोलवाल्यांनी हात आवरला. सगळ्यांत आधी दामाजी खाली उतरला, कपाळभर गुलाल, हातात प्रसादाचा नारळ. आपल्याच दारापुढे माणसं बसलेली बघून तो झपाझप आला आणि कडेला बसलेल्या धोंडीबाच्या खांद्यावर हात ठेवून त्यानं विचारलं, "कोन गेला रं?"

धोंडीबानं वर बघितलं आणि त्याची बोबडी वळली. माणसं नुसती बाजूला झाली, वाट झाली, आणि त्या वाटेनं दामाजी आपल्या ओट्यावर चढला. शेवंतीनं त्याला बघितलं. तिनं आनंदानं ओरडायला हवं होतं, धावत जायला हवं होतं. तिनं पदर ओढून आधी कपाळ झाकलं. जित्या नवऱ्यासमोर तिला त्या कपाळाची लाज वाटली, आणि ते बघून परशुरामला वाटलं, आपण आताच्या आता मरून जावं. दामाजीनं उंबऱ्यावरच्या काचा बघितल्या, बायकोचे हात बघितले, मग कोपऱ्यात उभा असलेला मुलगा बघितला. मुलाच्या ओठावर त्याची नजर फार वेळ राहिली.

परशुरामनं एका दमात सगळं सांगितलं. मशीन, समिती, सहदेव, फोटो. दामाजीनं मधे एकदाही तोडलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर तो गोमाजीकडे वळला आणि शांतपणे म्हणाला, "त्याला सांग, मेलेला मानूस कोनाशी बोलत नाय." मग नारळ दाराशी ठेवून हातपाय धुवायला गेला.

दुसऱ्या दिवशी परशुराम कामावर गेला, जाणार कुठे? समिती आली. अंधार केलेल्या खोलीत पडद्यावर दोन चेहरे आले, एक मिशीवाला आणि एक बिनमिशीचा, आणि यंत्रानं क्षणभर विचार करून खाली उत्तर दिलं, माणूस एकच. टाळ्या पडल्या. सरांनी चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या परशुरामकडे बोट दाखवून सगळ्यांना सांगितलं की हेच ते गृहस्थ, मिशी असो वा नसो, यंत्र फसलं नाही. पाहुणे त्याच्याकडे बघून हसले. अख्ख्या ठाणे जिल्ह्यात त्या दिवशी त्याला ओळख दाखवणारं ते यंत्र एकटंच होतं, आणि त्याला ते लाथेनं फोडून टाकावंसं वाटलं. त्यानं चहा दिला.

सरांना त्यानं आठवड्याभरानं सांगितलं. सरांनी चष्मा काढून डोळे चोळले, म्हणाले, "अहो, मला आधी सांगायचं होतंत." खरंच वाईट वाटलं त्यांना. एका रविवारी ते फळं घेऊन कोळीवाड्यात आले, दामाजीपुढे हात जोडून बसले, चूक माझी आहे म्हणाले. दामाजीनं त्यांना खुर्ची दिली, चहा पाजला, यंत्र कसं आहे म्हणून चौकशी केली. परशुरामचं नाव निघालं तेव्हा म्हणाला, "मी जिता होतो तवा तो माझा पोऱ्या होता, सायेब." सर चहा संपवून उठले. वर्षभरात ते परत अमेरिकेला गेले, फोटोंचा संच बरोबर घेऊन. जाण्याआधी परशुरामला कायम करून गेले, आणि त्याला कॉलेजचं ओळखपत्र मिळालं. फोटो यंत्रातलाच, सगळ्यांत ताजा म्हणून बिनमिशीचा. मिशी परत आल्यावर फाटकावरचा पहारेकरी रोज त्याला अडवायचा. परशुराम मिशीवर बोट आडवं धरून उभा राहायचा, मग तो सोडायचा.

मिशी महिन्या-दीड महिन्यात आली, पहिल्यापेक्षा दाट आली. दामाजी ओट्यावर जाळं विणत बसला की परशुराम समोरून जाताना थांबायचा आणि एकच टोक उडवायचा, बापानं शिकवलेलं तसं. दामाजी सुतळीला गाठ मारायचा आणि खाडीकडे बघायचा. हे परशुरामनं किती दिवस केलं ते सांगण्यात अर्थ नाही. मोठा, कायम नोकरीचा माणूस ओट्यापुढे उभा राहून मिशी हलवतोय, हे बघून पोरं हसू लागली, तेव्हा त्यानं ते सोडलं.

सगळ्यांत वाईट झालं ते शेवंतीचं, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. दुसऱ्याच दिवशी कासार बोलावला, नव्या बांगड्या भरल्या, रखमाबाईनं स्वतः पाया पडून एका सवाष्णीकडून तिच्या कपाळाला कुंकू लावून घेतलं. वरवर सगळं होतं तसं झालं. पण त्याआधी वाड्यातल्या कुठल्याही लग्नात नवरीला हळद लावायला पहिली हाक शेवंतीला असायची. नवरा धडधाकट, दोन मुलगे, हसतमुख बाई. त्या वैशाखात तिला हाक आली नाही. पुढच्या लग्नातही नाही. एकदा पुसलेलं कपाळ कुणाला आपल्या नवरीपुढे नको होतं. जिनं पुसलं ती रखमाबाई मात्र स्वतः विधवा असूनही मांडवाच्या कडेला बसून गाणी म्हणायची. शेवंती घरात बसून ती गाणी ऐकायची. परशुरामला ती जेवायला वाढायची, काय हवं-नको विचारायची, त्यापलीकडे बोलणं तिनंही ठेवलं नाही. मुलगी बघायचा विषय तर निघालाच नाही. कायम नोकरी होती, पण जित्या बापाच्या नावानं मिशी काढणाऱ्याला मुलगी कोण देतो?

दामाजी दोन वर्षं तसाच जगला. न बोलायचा त्याला कंटाळा आला नाही, हे विशेष. तिसऱ्या वर्षी पावसाळ्यात छातीचं दुखणं लागलं आणि तो अंथरुणाला खिळला. परशुराम त्याचे पाय चेपायचा, पण तो झोपलेला असताना. जाग आली की तो डोळे मिटून घ्यायचा, आणि परशुराम उठून बाहेर जायचा. शेवटच्या दिवसांत दामाजीनं धोंडीबाला बोलावून घेतलं, दार लोटून घेऊन दोघं काही बोलले. परशुरामला वाटलं, आता आपल्याला हाक येईल. तो दाराबाहेर बसून राहिला. हाक आली नाही. नवरात्रात, टेंभी नाक्यावरची आरती खाडीपर्यंत ऐकू येत असताना, दामाजी गेला.

परशुराम रडला, पण खरं सांगायचं तर रडता रडता त्याला आत कुठेतरी मोकळंही वाटलं. बोलणं संपलं ते संपलं. आता मिशी द्यायची होती. बापासाठी करायची एक गोष्ट उरली होती, तिच्याकडे दामाजीही आता पाठ फिरवू शकणार नव्हता. या वेळी ओठावर वारा लागेल तो खरा असेल, आणि सगळा वाडा बघेल की हा दामाजीचा मुलगा आहे. खाडीकाठी न्हावी बसला होता. गोमाजीची चार केसांची मिशी निघाली. मग परशुराम पुढे होऊन पाटावर बसला, त्यानं मान वर केली, डोळे मिटले. न्हाव्यानं ओठाला पाणी लावलं.

"थांब," धोंडीबा म्हणाला. "त्याची नको."

परशुरामनं डोळे उघडले. धोंडीबा त्याच्याकडे न बघता न्हाव्यालाच सांगत होता, सगळ्यांना ऐकू जाईल असं, कारण तसंच सांगायला त्याला सांगितलं होतं. "दामाजी बोलून गेलाय. माझ्या नावानं त्यानं एकदा काढलेय. एका बापाला दोनदा मारायचा नाय."

परशुरामनं धोंडीबाचे पाय धरले. मग न्हाव्याचे हात धरले, वस्तऱ्यालाच हात घातला, बोट कापून घेतलं. चौघांनी त्याला मागे ओढलं. धोंडीबाच्याही डोळ्यांत पाणी होतं, पण मेलेल्या माणसाचा शब्द मोडायला तो तयार झाला नाही. मडकं गोमाजीनं धरलं. परशुराम भावकीच्या मागे, ओल्या मिशीनं उभा राहिला.

घरी आले तेव्हा शेवंती भिंतीला टेकून बसली होती. रखमाबाईनं तिचं काम सकाळीच उरकलं होतं, दुसऱ्यांदा. परशुराम आईपुढे जाऊन बसला आणि लहान पोरासारखा हुंदके देत म्हणाला, "आये, मना काढू नाय दिली." तिनं त्याच्या मिशीकडे बघितलं. मग आपले रिकामे हात उचलून त्याच्यापुढे धरले.

"माझ्या बांगऱ्या दोनदा फुटल्या, पोऱ्या," ती म्हणाली. "तुना एकदाच सोसायचा होता, तो झाला." आणि तिनं भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उरणहून गोविंदा आला. दामाजीचा जुना साडू, पायानं अधू, म्हणून त्याला लवकर निघता आलं नव्हतं; दामाजीचं काही बरं नाही एवढंच त्याला कळलं होतं, आणि असले अर्धवट निरोप माणसाला रस्ताभर खातात. परशुराम आळीच्या तोंडाशी उभा होता, घरात बसवत नव्हतं म्हणून. गोविंदानं लांबूनच त्याला बघितलं, आणि काठी टेकत टेकत, हसत जवळ आला.

"तुझी मिशी बघितली नि जीव भांड्यात परला," तो म्हणाला. "बरा हाय ना बापूस?"

परशुराम म्हणाला, "बाबा गेला, काका. काल नेला त्याला."

गोविंदानं त्याच्या ओठाकडे बघितलं, मग डोळ्यांकडे, मग पुन्हा ओठाकडे. "असली मस्करी बरी नाय रं," तो म्हणाला, आणि त्याला बाजूला सारून, दामाजीला मोठ्यानं हाका मारत, आळीत शिरला.